ठेकेदारामार्फत येणाऱ्या परिचारिका: शासकीय रुग्णालयाने ही सेवा घ्यावी का?

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिरज आणि सांगली अशी दोन रुग्णालयं जोडलेली आहेत. जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचे रुग्ण इथे येतात. अशा मोठ्या रुग्णालयांत सिस्टर कमी पडल्या की ठेक्याचा प्रस्ताव पुढे येतोच. राज्यातल्या शासकीय परिचारिका मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये संपावर गेल्या, तेव्हा कंत्राटी भरतीला विरोध ही त्यांची ठळक मागणी होती.

या सेवेचा खरा गुण वेग. सरळसेवेत, म्हणजे शासनाच्या थेट कायम भरतीत, बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांची यादी), जाहिरात, परीक्षा, कागदपत्र पडताळणी, नेमणूक यात महिनोन्‌महिने जातात; ठेक्यावर माणसं लवकर हजर होतात. साथीत किंवा नवा अतिदक्षता विभाग उघडताना त्याचा उपयोग आहे, हे मान्य केलंच पाहिजे.

घोळ सुरू होतो मागणीपत्रातल्या आकड्यापासून. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकात अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डाला ३ रुग्णांमागे १ परिचारिका आहे. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे, म्हणजे एका पाळीत ९ रुग्णांमागे १. ३० खाटांना १० जणी होतात. त्यावर ३० टक्के रजा-राखीव, म्हणजे सुट्टीवरच्यांच्या जागी जादा माणसं, धरला की १३. ठेक्याची मागणी १० वरच थांबली, तर साप्ताहिक सुट्टी आणि बाळंतपणाची रजा कुणाच्या तरी डबल ड्युटीतून निघते. जमिनीवर गाद्या टाकून ठेवलेले रुग्ण तर या हिशेबात येतच नाहीत.

दुसरा दोष जास्त महाग पडतो. शासकीय अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आहे. तेच काम कमी पैशात, पुढच्या वर्षी नोकरी असेल की नाही हे माहीत नसताना करणारी मुलगी पुण्यातून किंवा आखातातून बोलावणं आलं की जाते, आणि तिने का थांबावं? तिच्या जागी नवी आली की इन्चार्ज सिस्टर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसते: ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती) कसा द्यायचा, इमर्जन्सी ट्रॉली कशी तपासायची, औषधांचा इंडेंट (मागणीचा फॉर्म) कसा भरायचा. रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं रुग्णापाशी थांबायला हवं. वॉर्डात दोघीच असतील आणि त्यातली एक नवी असेल, तर हेच आधी सुटतं. चार्ज आणि जबाबदारीच्या किल्ल्या कायम सिस्टरकडेच राहतात. हजेरीपटावर माणसं वाढतात, पण तिचा भार हलका होत नाही.

तरीही सेवा घ्यायची वेळ आली, तर करारात तीन गोष्टी असाव्यात. प्रत्येकीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी, रुजू होण्याआधी तपासलेली. पगार ७ तारखेपर्यंत थेट बँकेत, आणि ठेकेदाराचं बिल भविष्य निर्वाह निधीचं चलन पाहूनच मंजूर. त्याने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर, म्हणजे रुग्णालयावर, येते, हे लेखा विभागाने विसरू नये. तिसरी गोष्ट मुदत: तेवढ्याच कायम पदांचं मागणीपत्र त्याच दिवशी वर गेलेलं असावं.

कायम भरतीला पर्याय म्हणून आम्ही या सेवेला पाचपैकी दीड गुण देतो, तात्पुरती सोय म्हणून तीन. परिचारिका आणि शासन यांच्यातला वाद मिटवण्याचं साधन म्हणून ती निरुपयोगी आहे, कारण तीच वादाचं मूळ आहे. परिचारिकांच्या संघटनेने शासनाशी चर्चेला बसताना वॉर्डनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं असा तक्ता सोबत न्यावा. "सकारात्मक विचार करू" एवढ्या शब्दावर उठू नये. कोणती पदं, कोणत्या तारखेपर्यंत, कोणता अधिकारी भरणार हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून, सही घेऊनच उठावं. शासकीय कर्मचाऱ्याला पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जायचं झालं तर आधी लेखी निवेदन दिलेलं असावं लागतं. उत्तर आलं नाही तर साधारण सहा महिने वाट पाहून पुढच्या एक वर्षात अर्ज करायचा असतो. म्हणून निवेदनाची पोच, आवक क्रमांकासह, पहिल्याच दिवशी घ्यावी.