हनुकाची भेट: तेलाची हनुकिया की मेणबत्त्यांची?

हनुकाला, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाला, नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना काय द्यावे, याची चर्चा आमच्या ठाण्याच्या घरात सणाच्या बरीच आधी सुरू होते. मुलांसाठी नाणी आणि सोनेरी वर्खातली चॉकलेटे ठरलेलीच असतात. मोठ्यांच्या बाबतीत मात्र बोलणे फिरून फिरून हनुकियावर, म्हणजे या सणात लावायच्या नऊ दिव्यांच्या दीपदानावर, येते. आम्हा बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी यहुदी) कुटुंबांत त्याला एक खास कारणही आहे. कोकणातल्या आमच्या पूर्वजांच्या जुन्या सणांमध्ये हनुका नव्हता. बाहेरच्या यहुदी समाजांशी संबंध वाढल्यावर तो आमच्याकडे रुजला. त्यामुळे पणजोबांपासून चालत आलेली हनुकिया आमच्यापैकी फार थोड्या घरांत सापडेल, आणि जिथे ती नाही तिथे ही भेट माळ्यावर न जाता खरोखर वापरली जाते. प्रश्न उरतो तो एवढाच, की ती तेलाची घ्यावी की मेणबत्त्यांची.

धर्माच्या दृष्टीने दोन्ही चालतात. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातला दिवा ऑलिव्हच्या तेलाचा होता म्हणून त्या तेलाला पहिली पसंती दिली जाते, पण नीट जळणारे कोणतेही तेल किंवा मेण वर्ज्य नाही. तेव्हा निवड सोयीवर आणि आवडीवर येते, आणि इथे मेणबत्त्यांची बाजू वरवर पाहता भक्कम आहे. चव्वेचाळीस मेणबत्त्यांच्या एका पेटीत शमाशसकट, म्हणजे बाकीचे दिवे लावण्याच्या जादा मेणबत्तीसकट, सगळ्या आठ रात्री भागतात. पेटी स्वस्त असते, सामानात सहज मावते आणि सांडत नाही. रंगीबेरंगी मेणबत्त्यांतून आपल्या आवडीचा रंग निवडण्यात लहान मुलांना जो आनंद मिळतो, तो तेलाच्या पेल्यांत मिळत नाही, हेही मान्य करायला हवे. ज्यांचे हात थरथरतात अशा वडीलधाऱ्यांनाही रोज संध्याकाळी तेल ओतण्यापेक्षा मेणबत्ती खोचणे सोपे वाटेल.

तरीही माझे मत बदलले ते मेणामुळे. ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण हनुका एका रात्रीचा सण नाही. पहिल्या रात्री मेणबत्ती जळून जाते आणि तिच्या खोबणीत मेणाचा थर घट्ट बसतो. दुसऱ्या रात्री नवी मेणबत्ती त्या थरावर टेकते, पुरेशी आत जात नाही आणि कलते. शेजारच्या ज्योतीची धग लागली की ती मधोमध वाकते आणि दोघींचे मेण मिळून खाली ओघळते. सुरीने खरवडले तर पितळेवर ओरखडे उठतात, गरम पाण्यात बुडवले तर वितळलेले मेण मोरीच्या जाळीत जाऊन थिजते, आणि फ्रीजरमध्ये ठेवून मेण टणक करून उडवण्याची युक्ती चांगली असली तरी सणाच्या दिवसांत फ्रीजरमध्ये नऊ फांद्यांच्या हनुकियाला जागा करून देणे घरच्यांना रुचत नाही. ज्या संध्याकाळी सगळे जमलेले असतात, तेव्हा घरातले कोणीतरी एकजण बराखा (दिवे लावतानाची प्रार्थना) सुरू होईपर्यंत काडीने खोबण्या कोरत बसलेला असतो. आमच्याकडे तो एकजण बहुतेक वेळा मीच असायचो.

तेलाची हनुकिया स्वच्छ असते असे म्हणता येणार नाही. वात जास्त वर ओढली गेली तर धूर होतो आणि काचेवर काजळी धरते, टेबलावरच्या कापडावर तेलाचे डाग पडतात, आणि डिसेंबरातल्या गार रात्री खोबरेल वापरले तर ते बाटलीतच गोठून बसते. पण काचेवरची काजळी साबणाच्या पाण्याने झटकन निघते, आणि राहिली तरी दुसऱ्या रात्रीच्या ज्योतीला तिचा अडथळा होत नाही. शिवाय तेल किती ओतायचे, हे आपल्या हातात असते. शुक्रवारी हे फार महत्त्वाचे ठरते, कारण त्या दिवशी हनुकाचे दिवे शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीदिनाच्या) दिव्यांआधी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी लावावे लागतात आणि अंधार पडल्यानंतरही अर्धा तास ते जळत राहणे अपेक्षित असते. पेटीतल्या नेहमीच्या बारीक मेणबत्त्या साधारण अर्ध्या तासात संपतात. 2026 साली पहिली रात्र 4 डिसेंबरला आणि आठवी 11 डिसेंबरला येते. दोन्ही शुक्रवार आहेत. मेणबत्त्यांची हनुकिया भेट देणाऱ्याने यंदा सोबत लांब मेणबत्त्याही द्याव्यात, हे बरे.

तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे आमच्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणत, तेव्हा तेलाकडे माझा ओढा थोडा वंशपरंपरेने आला असेल, अशी शंका वाचकाने घ्यायला हरकत नाही.

खर्चाच्या बाबतीत मला वाटते ते असे. हात आखडता असेल तर नवी हनुकिया घेऊच नये. ज्यांच्याकडे मेणबत्त्यांची आहे, त्यांना तिच्या खोबण्यांत बसणारे, खाली दांडी असलेले काचेचे छोटे पेले आणि वातींचे पाकीट द्यावे. थोडक्या पैशांत जुनी हनुकिया तेलाची होते आणि देणाऱ्याची आठवण आठही रात्री निघते. त्याहून थोडे अधिक खर्च करता आले तर आधीच तेल भरलेले, एकदाच वापरायचे पेले वडीलधाऱ्यांना द्यावेत, म्हणजे ओतण्याचा प्रश्न मिटतो. मोठ्या भेटीसाठी पितळेची साधी, रुंद तळाची आणि सगळे दिवे एका उंचीवर असलेली हनुकिया निवडावी. नक्षी जितकी जास्त, तितकी काजळी काढणे अवघड. चांदीबद्दल मी बोलत नाही, कारण ती बहुधा कपाटातच राहते.

घरात अगदी लहान मुले असतील, तर मात्र मी आग्रह धरणार नाही. तिथे मेणबत्त्यांची पेटीच द्यावी. वसतिगृहात राहणाऱ्या भाच्याला, जिथे उघड्या ज्योतीला मनाई असते, रोख गेल्ट, म्हणजे हनुकाचे पैसेच, बरे. इस्राएलमधल्या नातेवाइकांसाठी इथून काच पाठवण्यात अर्थ नाही, कारण खास दिव्यासाठीचे ऑलिव्ह तेल आणि पेले तिथे सहज मिळतात. आपण पितळी हनुकिया द्यावी आणि पेले त्यांना तिथे घ्यायला सांगावेत. मात्र पेले घेण्याआधी खोबणीचा व्यास मोजून घ्यावा, कारण जुन्या हनुकियांच्या खोबण्या एकसारख्या नसतात आणि सैल बसलेला पेला तेलासकट कलंडतो.