एक गाळा की अख्खी इमारत : कुठली तपासणी कुणासाठी?

ठाणे, अंधेरी किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा बघायला गेलात की दलाल हमखास सांगतो, "बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेलाय, सगळं क्लिअर आहे." व्हॅल्युअर खरंच येऊन गेलेला असतो. पण त्याला बँकेने पाठवलेलं असतं आणि त्याने बँकेच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं : उद्या कर्ज थकलं तर हा गाळा विकून किती हाती लागेल? त्यासाठी तो क्षेत्रफळ मोजतो, आसपासचे व्यवहार आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर बघतो, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य अंदाजाने लिहितो. भिंतीला ओल दिसली तर तिच्यावर एखादी ओळ खर्च करतो. फी मात्र बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जाते, म्हणून प्रत मागून घ्या. त्यातला कार्पेट एरियाचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा, आकडा भाव करताना कामाला येतो, कारण जुने गाळे अजूनही बिल्ट-अपवर, म्हणजे भिंतीही धरून मोजलेल्या क्षेत्रावर, विकले जातात. याहून जास्त अपेक्षा त्या अहवालाकडून ठेवू नका.

स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या तपासणीचं, प्रकरण वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार 30 वर्षांपुढच्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीसाठी दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी ऑडिट सांगितलंय. गाळ्यांच्या सोसायटीनेही हेच अंतर धरावं. म्हणजे जुन्या इस्टेटमध्ये अहवाल असायलाच हवा. "फाइल सेक्रेटरींकडे आहे, ते गावी गेलेत" हे उत्तर आलं तर टोकन खिशातच ठेवा.

अहवाल मिळाला की शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचण्याआधी चाचण्या बघा. नुसत्या रिबाउंड हॅमरवर उरकलेलं ऑडिट मी ऑडिट मानत नाही. हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि जुन्या काँक्रीटचं कार्बोनेशन झालेलं असलं (हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून सळईला जपणारा अल्कली गुण गेलेला असला) की तो पृष्ठभाग उलट जास्त कठीण होतो. त्यामुळे आकडे छान येतात आणि आत सळया गंजत असतात. सोबत अल्ट्रासोनिक चाचणी हवी, तिच्यात ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते मोजतात. आयएस 13311 या जुन्या भारतीय मानकाच्या कोष्टकात वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं आणि 3 च्या खाली गेला तर शंकास्पद, असं धरलं होतं. हाफ-सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईवर मोजलेला विद्युतदाब, उणे 350 मिलीव्होल्टच्याही खाली गेलं असेल तर सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त. शंका असेल तिथे काँक्रीटचा कोअर काढून दाबाखाली फोडतात. आयएस 456 च्या हिशेबाने तीन कोअरची सरासरी काँक्रीटच्या ठरलेल्या ग्रेडच्या, म्हणजे ताकदीच्या, 85 टक्के तरी यावी आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली नसावा.

त्यातल्या त्यात स्वस्त आणि बोलकी चाचणी फिनॉल्फ्थॅलिनची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थराची खोली आणि सळईवरच्या कव्हरची, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटची, जाडी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पहिला दुसऱ्याच्या पुढे गेला असेल तर सळईचं संरक्षण संपलेलं आहे. मग प्लास्टर कितीही नवं असो, दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करायला बसा.

आणखी एक बघा : ऑडिट कुणी करून घेतलं? मुंबईत इमारतींची वर्गवारी होते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. पुनर्विकास हवा असलेल्या मालकाच्या अहवालात सी-1 आणि जागा न सोडणाऱ्या भाडेकरूंच्या अहवालात सी-2बी, हे चित्र नवं नाही. असे परस्परविरोधी अहवाल महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. त्या इमारतीत गाळा घेणं म्हणजे वादात भागीदारी घेणं.

पण ऑडिट पूर्ण खरं असलं तरी ते सांगाड्यापुरतंच बोलतं. लिफ्ट, वीजभार, ड्रेनेज, अग्निसुरक्षा यांचा त्यात पत्ता नसतो. 29 डिसेंबर 2017 च्या कमला मिल्स आगीत 14 जीव गेले, तो प्रश्न काँक्रीटच्या ताकदीचा नव्हताच. तिथे व्हॅल्युएशन आणि ऑडिटनंतरचा तिसरा प्रकार लागतो : पूर्ण तांत्रिक तपासणी. स्ट्रक्चरल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग आणि फायर अशी माणसं एकत्र येतात, मंजूर नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून बघतात. मागून टाकलेले पोटमाळे इथेच सापडतात. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं 'फॉर्म बी', म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, आहे का, हेही इथेच कळतं. खर्च मोठा, वेळही जातो. अख्खी इमारत किंवा सलग मजले घेणाऱ्याने तो करावा, इथे काटकसर नको.

एका गाळ्यासाठी एवढा सरंजाम परवडत नाही, गरजही नाही. मी एकच गाळा घेणारा असतो तर सोसायटीचा ऑडिट अहवाल मिळवून आपल्या ओळखीच्या नव्हे, आपण पैसे देऊन नेमलेल्या इंजिनिअरला वाचायला दिला असता आणि त्याला अर्धा दिवस साइटवर नेलं असतं. त्याने आपला गाळा बघावाच, पण खालचा, वरचा आणि गच्चीही बघावी. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची इमारत पडून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. म्हणजे धोका आपल्या मजल्याबाहेरूनही येऊ शकतो.

त्याला तुमचा धंदाही सांगा. आयएस 875 मध्ये ऑफिससाठी चौरस मीटरला साधारण 250 ते 400 किलोचा भार धरतात, साठवणीच्या जागेला किमान 750. ऑफिस म्हणून बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर कागदाच्या रिमा छतापर्यंत रचणार असाल तर इमारत सी-3 असूनही तुमच्या कामाची नाही. हा हिशेब व्हॅल्युअर करत नाही आणि ऑडिटरही विचारल्याशिवाय करत नाही.

इमारत आधीच तुमची असेल, फक्त सांभाळायची असेल, तर ठरलेल्या ऑडिटच्या मधल्या वर्षांत दर पावसाळ्यानंतर एक पाहणी पुरते : गच्ची, छज्जे, टाकीखालचे बीम, संडासांच्या खालचे स्लॅब. त्याच जागांचे त्याच कोनातून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या ऑडिटरला भेग वाढली की तशीच आहे हे सांगता येईल.

आणि घेणाऱ्यांसाठी : टोकनच्या पावतीवर 'तांत्रिक तपासणी समाधानकारक न आढळल्यास रक्कम परत' ही ओळ लिहून घ्या. गच्ची आणि पंपरूमची चावी कधी मिळणार तेही त्यातच.