स्प्रे गन घ्या, पण तिच्यासोबतच्या, हवेतलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरवर विसंबू नका (आठ महिन्यांचा अनुभव)

फिल्टरच्या वाटीला परवा तडा गेला, म्हणून आज लिहायला बसलो. नाहीतर या गनबद्दल चांगलंच लिहायचं हे जानेवारीतच ठरवलं होतं.

डिसेंबरात 3,400 रुपयांना सेट घेतला. 1.4 मिमी नोझलची एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन, वर बसणारा 600 मिलीचा कप आणि पारदर्शक वाटीचा फिल्टर. कॉम्प्रेसर माझा जुनाच, 2 एचपी, 50 लिटर टाकीचा. आमच्याकडे मालवणात माझ्या 26 फुटी फायबर होडीच्या दोन्ही बाजू स्प्रेने रंगवायला मला नुसत्या मजुरीचे 14,000 सांगितले होते, रंग वेगळा. एकदा होडी रंगवली की गन फुकट पडते, हा साधा हिशोब.

जानेवारीत आधी चुलतभावाची 18 फुटी होडी रंगवायला घेतली. थंड, कोरडी सकाळ. पीयूचे (पॉलियुरेथेन रंगाचे) दोन हात दिले. दुपारी बघतो तर होडीच्या अंगात वरच्या माडाची झावळी पात्यापात्यासकट दिसत होती. रोलरने मी दहा वर्षं रंग दिलाय. कितीही जपून मारा, तिरप्या उन्हात रोलरचे दाणे दिसतातच. इथे एक दाणा नाही. त्या आठवड्यात भेटेल त्याला मी ही गन घ्यायला सांगितलं.

मेमध्ये स्वतःची होडी काढली. 1 जूनपासून मासेमारी बंदी आणि मागोमाग पाऊस, त्यामुळे त्याआधी रंग पुरा व्हायलाच हवा होता. दोन दिवस लांबी (पुट्टी) भरली, 120, 220 आणि 320 चा वॉटर पेपर घासला, प्रायमर दिला, संध्याकाळी पीयूचा पहिला हात मारला. सकाळी बघतो तर घावनाला जाळी पडते तशी भोकं. टाचणीच्या टोकाएवढी, काठ जरा उचललेला, तळाशी खालचा राखाडी प्रायमर. नख फिरवलं की खरखर लागायची. नाळेपासून मागपर्यंत सगळीकडे तेच.

मी सगळा राग गनवर काढला. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला रंग खराब आहे. रंगवाला म्हणाला गन खराब आहे. नोझल, सुई, एअर कॅप तीनदा सोडवून धुतली. एक तारा देऊन गनची वाट लावायची, एवढं मनात पक्कं झालं होतं.

तेवढ्यात शेजारचे रंगारी तात्या आले. त्यांनी गनचा पाइप सोडवला आणि हवा माझ्या तळहातावर सोडली. तळहात ओला! "गनीक कित्याक बोलतंस? पाणी येता तुज्या पायपातून."

त्यानंतर सगळं नीट समजून घेतलं. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की ती तापते, आणि तापलेल्या हवेत बाष्प मुरून राहतं. फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडालाच लावला की गरम बाष्प त्यातून सरळ पुढे जातं, पाइपमध्ये थंड होतं आणि पाणी होऊन गनमधून बाहेर पडतं. पीयूच्या हार्डनरला (रंग कडक व्हायला त्यात मिसळतात तो) पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात. तीच ती भोकं. जानेवारीत हवा कोरडी होती म्हणून निभावलं. सेटच्या कागदावरच्या चित्रात मात्र फिल्टर कॉम्प्रेसरलाच चिकटवलेला आहे! कोकणात मे महिन्यात असं केलं तर रंग गेलाच समजा. माझा साडेतीन लिटर रंग आणि तीन दिवसांची घासाई गेली.

दुसऱ्यांदा 25 फुटी पाइप टाकला आणि फिल्टर त्याच्या गनकडच्या टोकाला लावला. टाकीखालचा कॉक दर तासाला उघडून पाणी काढलं. दरवेळी अर्धा कप तरी निघायचंच. रंग दव सुकल्यावर नऊनंतर सुरू करायचा आणि संध्याकाळचा दमटपणा यायच्या आत हात आवरायचा. गन होडीच्या अंगापासून वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. आता रात्री होडीच्या अंगावर ट्यूबलाइट धरली तर नळी सरळ दिसते, कुठे लहर नाही. गनला पाच तारे, मेमधला माझा सगळा राग मागे घेतो.

फिल्टरला मात्र एकही तारा नाही. वाटी पॉलीकार्बोनेटची आहे, आणि त्या प्लॅस्टिकला थिनर चालत नाही. ती साबणाच्या पाण्यानेच धुवायची असते. कागदावर काय छापलंय? "सर्व भाग थिनरने स्वच्छ करावेत." मी तेच केलं. आधी वाटी धुरकट झाली, मग केसासारख्या रेषा आल्या आणि परवा हवा भरताना टचकन तडा गेला. आत दाबाची हवा असते, तुकडा डोळ्यात गेला असता तर? दुकानदार म्हणतो थिनर लावलात म्हणून वॉरंटी नाही. त्यांच्याच कागदाचा फोटो पाठवला, त्यावर आजपर्यंत उत्तर नाही. 950 रुपये घालून धातूच्या वाटीचा फिल्टर आणलाय. तुम्ही पहिल्या दिवशीच आणा.

बाकीचं थोडक्यात. 2 एचपीचा कॉम्प्रेसर या गनला कमी पडतो. चार-पाच पट्टे मारले की दाब भरेपर्यंत थांबावं लागतं. वाऱ्यात मारू नका, माझा रंग शेजाऱ्यांच्या जाळ्यांवर गेला आणि बोलणी खावी लागली. पाण्याखालचा शेवाळ-कालवं रोखणारा रंग मी रोलरनेच दिला, तो विषारी आहे, हवेत उडवू नये. पीयूच्या हार्डनरने कायमचा दमा जडू शकतो, तेव्हा नाकाला रुमाल बांधून हे काम करू नका. मी कार्ट्रिजचा मास्क वापरतो, त्याची कार्ट्रिज वेळेवर बदलतो आणि पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाही.

पाऊस सरला की नोव्हेंबरात चुलतभावाच्या होडीची मागची फळी रंगवायची आहे, तेव्हा नवा फिल्टर कसा चालतो ते इथेच लिहीन. तोपर्यंत दुकानदाराने वाटी बदलून दिली तर तेही लिहीन.