सबसॉयलरचं बिल आणि रोटरचं काम

माण तालुक्यातला पाच एकरांचा मुरमाड माळ. गवत आणि झाडं लावण्याआधी खालचा कडक थर फोडायचा होता. ठेकेदाराशी बोली झाली ती अशी : सबसॉयलरने, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खोल जाणाऱ्या फाळाने, दीड फूट खोल, चार-चार फुटांवर, उताराला आडव्या ओळी. काम झाल्यावर तो म्हणाला, "वरनं एक रोटर मारून देतो, फुकटात." माळ असा मऊ दिसला की पैसे लगेच चुकते झाले.

सगळी मेख त्या फुकटच्या रोटरमध्ये होती. रोटर वरची चार-सहा इंच माती भुसभुशीत करतो आणि ओळी किती, कुठे, किती खोल, हे सगळं झाकून टाकतो. पहिल्या वळवात ती भुकटी वाहून गेली आणि खरं काम उघडं पडलं. ओळी सहा फुटांवर, खोली नऊ इंच आणि दिशा वरून खाली. उभ्या ओळीत वळणं कमी, डिझेल कमी. ठेकेदाराचा फायदा एवढाच. शेतात मात्र त्याच ओळींच्या घळी होतात.

अंतराचा हिशेब घरी बसून करता येतो. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. चार फुटांवर एकरी साधारण 10,900 फूट ओळ येते, सहा फुटांवर 7,260. म्हणजे तिसरा हिस्सा काम गायब. ताशी तीन किलोमीटर चाल धरली, तर एका फाळाने चार फुटांवर एकराला वळणांसकट दीड तास पुरतो. बिलात तीन तास लावले असतील तर विचारा. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे उभ्या ट्रॅक्टरचा ॲक्सिलरेटर ओढून ठेवला तरी आकडा पळतो. दर एकरावर ठरवावा, तोही खोली आणि अंतर कागदावर लिहून.

खोली कमी का पडते? फाळाचं टोक झिजून बोथट झालेलं असतं. ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस एचपीचा असतो. सुक्या मुरमात दीड फुटासाठी पन्नासच्या पुढचा लागतो. चाकं घसरू लागली की ड्रायव्हर लिव्हर वर घेतो आणि पुन्हा खाली घ्यायला विसरतो. विसरतो म्हणायचं एवढंच.

पाऊस पडल्यावर लगेच काम उरकणारेही टाळा. ओल्या मातीत फाळ नुसती चीर पाडतो, कडा लिंपल्या जातात, थर फुटत नाही. दीड फुटावरची माती तळव्यावर वळून बघा. वळी होत असेल तर थांबा. हे काम एप्रिल-मेच्या सुक्या जमिनीचं आहे.

तपासणी रोटरच्या आधीच. ओळीला आडवा, तीन फूट लांब चर कुदळीने खणा. सुटलेली माती वर रुंद, खाली निमुळती दिसली पाहिजे. माप मूळ जमिनीपासून घ्या. ठेकेदार उचकटलेल्या ढेकळांच्या माथ्यावरून टेप लावतो आणि तिथेच दोन-चार इंच कमावतो. असे चार-पाच चर वेगवेगळ्या जागी, कारण बांधाजवळची दाखवायची ओळ नेहमी खोल असते. उतारावर रोटर मुळात नकोच. ओळींमधलं जुनं गवत राहू द्यावं, तेच माती धरतं.

उभ्या ओळी पडून गेल्या असतील, तर पावसाआधी त्यात दर पंधरा-वीस फुटांवर दगड-मातीचे आडवे बांध घाला. नव्या ओळी पुढच्या उन्हाळ्यात, हायड्रोमार्करने, म्हणजे पाण्याच्या नळीने पातळी दाखवणाऱ्या साध्या साधनाने, समपातळी आखून.