लसीकरण: दवाखान्यात नेऊन की डॉक्टरांना घरी बोलावून?

मांजर असेल तर घरीच बरं. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून नेलेली मांजर टेबलावर पोचेपर्यंत इतकी बिथरते की नीट तपासताच येत नाही. म्हाताऱ्या, जड कुत्र्यांचंही तेच.

घरी खरी अडचण थंडाव्याची. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. आइसपॅकला थेट चिकटलेली रेबीजची बाटली गोठली तर ती वाया गेली समजा. मध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा. डॉक्टरांनी डबा उघडला की हे बघाच, विचारायला लाजू नका. पावडरची लस तुमच्यासमोरच द्रावणात मिसळून लगेच टोचली पाहिजे.

दवाखान्यात फ्रिज असतो, वजनकाटा असतो आणि रिअ‍ॅक्शन आली तर उपचार हाताशी असतात. तोंड सुजणं, उलट्या, धाप हे बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसतं, म्हणून तेवढा वेळ तिथेच थांबा. आधी कधी रिअ‍ॅक्शन आली असेल तर घरचा पर्याय नकोच.

पिल्लाला मात्र दवाखान्यातली फरशी धोक्याची. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. डोस पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवरच ठेवा, खाली सोडू नका.