ऑक्सिजन टेस्ट किट: सॅमनच्या नदीसाठी बनवलेलं, म्हापशाच्या व्हाळावर वापरलेलं

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट घेऊन आता आठ महिने झाले, ते मी गोव्यात म्हापशाच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, वापरते. तीन-चार जणांनी विचारलं कसं आहे, घ्यावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ऑनलाईन मागवलेलं, थेंब मोजून करायचं, दोन हजारांच्या आत बसलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण अशी किटं बऱ्याच कंपन्यांची मिळतात, आतली रसायनं साधारण तीच असतात आणि माझी जी तक्रार आहे ती पॅकिंगची आहे.

आधी तीच सांगते. पहिलं पार्सल आलं तेव्हा स्टार्चची बाटली पूर्ण सांडलेली, माहितीपत्रक भिजून बाटल्यांना चिकटलेलं. फोटो पाठवले, बदलून मिळायला तीन आठवडे लागले. आत आम्लाची बाटली असते हो, ती सांडली असती तर काय झालं असतं, एवढ्याचसाठी एक स्टार कापलाय. तुम्ही मागवलंत तर खोका सिंकमध्ये ठेवून उघडा, हातमोजे घालून.

आता वापर. काचेची एक छोटी बाटली येते तिरक्या बुचाची, ती पाण्याखाली धरून भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. मग पहिल्या दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, एकात मँगनीजचं मीठ, दुसऱ्यात अल्कली आणि आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायचं, की आत तपकिरी साका धरतो आणि हळूहळू खाली बसतो, नाचणीची आंबील पातळ करून ठेवली तर बसेल तसा. मग आम्ल टाकलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्या पिवळ्या पाण्यात थायोसल्फेटचे थेंब मोजत टाकायचे, रंग अगदी फिकट झाला की स्टार्च, पाणी निळं होतं, आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे मोजणं थांबवायचं. माझ्या किटात एक थेंब म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. एकोणिसाव्या शतकातली विंकलरची पद्धत आहे ही, आणि सातवीची मुलं दुसऱ्या दिवशी बिनचूक करायला लागली, मी शाळेत सायन्स शिकवते म्हणून हे खात्रीने सांगते. खाऱ्या-गोड्या मिसळीच्या पाण्यातही चालते, आपल्याकडे हे फार महत्त्वाचं.

टीडीएसचं पेन स्वस्त मिळतं म्हणून ते घेऊ नका. भरतीचं पाणी येतं तिथे ते फक्त मीठ मोजणार आणि आकडा बघून तुम्ही घाबरणार. डिजिटल ऑक्सिजन मीटर चांगला असतो पण त्याची किंमत कितीतरी पट, वर दरवेळी कॅलिब्रेशन, आणि पडद्याचा प्रकार असला तर पडदा बदलत राहायचं. वॉर्डातल्या चार माणसांना हे थेंबांचं किट पुरे.

गंमत अशी की माझ्या किटाचं माहितीपत्रक सगळं सॅमन माशासाठी लिहिलेलं आहे. मुखपृष्ठावर सॅमनचं चित्र, आत तक्ता, 7-8 च्या खाली गेलं की मासा अडचणीत, अंड्यांना त्याहून जास्त लागतं वगैरे. आपल्याकडे हॉटेलात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात त्यामुळे एका ताईंनी मला विचारलं, म्हणजे हा रावसच ना? नाही. रावस वेगळ्या कुळातला, त्याच्या गळ्याशी मिशांसारखे धागे असतात. सॅमन थंड पाण्याचा, नदीच्या खडीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि वासावरून आपल्याच ओढ्यात परत येऊन अंडी घालतो. आणि तो तक्ता आपल्या पाण्याला जसाच्या तसा लावायचा नाही, कारण 10 डिग्रीच्या गोड्या पाण्यात ऑक्सिजन 11 च्या वर मावतो आणि 30 डिग्रीला साडेसातच, मीठ असलं की अजून कमी. म्हणजे आपला व्हाळ कितीही स्वच्छ केला तरी त्यांच्या आकड्याला पोचणं कठीण. माझी मुलं पहिल्या आठवड्यात त्यामुळेच हिरमुसली होती. आपल्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष धरा: मासे जगावेत अशा पाण्याला किमान 4, आंघोळीच्या पाण्याला 5. ते आकडे मी किटाच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलेत.

पण ते माहितीपत्रक मी फेकलं नाही, उलट त्यातूनच शोधत शोधत सिएटलपर्यंत गेले. तिथे शहराच्या मधून थॉर्नटन क्रीक म्हणून ओढा जातो, आजूबाजूला घरं, रस्ते, दुकानं. तो सरळ करून, आवळून, काही ठिकाणी पाईपात घालून टाकलेला. मग शहराच्या पाणीखात्याने आणि तिथल्या लोकांनी मिळून एका ठिकाणी त्याला पसरायला जागा दिली आणि नुसता वरचा ओढा नाही तर त्याच्या तळाखालची खडीसुद्धा नव्याने भरली, कारण पाणी खडीतून फिरलं तरच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो, गाळाने खडी बुजली की अंडी गुदमरतात. 2018 मध्ये तिथे चिनूक सॅमननी अंडी घातली. हे वाचून मी रात्री बराच वेळ झोपले नाही, खरंच सांगते. शहरातल्या ओढ्यात हे होऊ शकतं तर.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट किटाची मर्यादा सांगते म्हणून लिहितेय. लाँगफेलो क्रीकवर दर पानगळीत साधे लोक काठाने चालत मेलेले कोहो सॅमन मोजतात, मादीचं पोट चिरून बघतात, अंडी घातली होती की तशीच पोटात घेऊन मेली. भरल्या पोटाच्या माद्या मेलेल्या सापडायच्या, तेही पाऊस पडून गेल्यावर. ऑक्सिजन ठीक, तापमान ठीक, तरी मासे मरायचे. कारण 2020 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या शास्त्रज्ञांनी शोधलं, गाडीच्या टायरला तडे जाऊ नयेत म्हणून रबरात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात, ते हवेतल्या ओझोनबरोबर बदलून दुसरंच काहीतरी होतं आणि पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात उतरतं. हे असलं काही आपल्या किटात कधीच दिसणार नाही. आपला व्हाळ तर हायवेच्या मोरीखालून येतो. तेव्हा किटात 5 आलं म्हणजे पाणी चांगलं असं कुणाला सांगू नका, 5 आलं म्हणजे ऑक्सिजन 5 आहे, एवढंच.

आता आमच्या व्हाळाचं. नाव नाही टाकत, म्हापशाच्या एका टोकाला घरांच्या मागून वाहतो, पुढे मानशीतून तारीच्या नदीला मिळतो, आणि ती नदी खाली मांडवीला. जुने लोक सांगतात तारीवर होड्या लागायच्या, शुक्रवारच्या बाजाराला माल त्यातून यायचा. आता मानशीच्या आतल्या डोहात शेवाळ आणि प्लास्टिक. बाहेरच्यांसाठी सांगते, मानस म्हणजे खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) बांधातलं लाकडी दार, भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. तिथल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, पावणी घेतलेला माणूस ओहोटीला दाराशी जाळं लावतो.

सुरुवातीला मी शाळा सुटल्यावर, दुपारी तीन-साडेतीनला मोजायचे आणि 7 यायचं, साडेसातसुद्धा. वहीत लिहून खूश व्हायचे. मानशीवरचे काका एकदा बघत उभे होते, मला म्हणाले, "बाई, तू येता तेन्ना सगळें बरेंच दिसतलें. फांतोडेर यो, भांगाच्या दिसांनी." पहाटे ये, भांगाच्या दिवसात ये. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते, पाणी फारसं हलत नाही. पत्रकात हे कुठेही नव्हतं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच खातं, त्यामुळे खरा आकडा पहाटेचा, हे मला पुस्तकातून माहीत होतं, दहावीला शिकवते मी हे, पण व्हाळाच्या काठावर ते आठवलं काकांमुळे.

मग आम्ही साडेपाचला गेलो, मी, दोन मुलं, त्यांचे बाबा, काका. टॉर्चच्या उजेडात बाटली भरली, थेंब टाकले, उलटी केली, आणि तपकिरी साका धरलाच नाही. पांढरा धरला. ताक बसतं तसा पांढरा. मला वाटलं थेंब चुकले, पुन्हा भरली, पुन्हा पांढरा. पाण्यात ऑक्सिजन नसला की मँगनीज तपकिरी होतच नाही, पांढरंच राहतं. मुलाने बाटली टॉर्चसमोर धरली होती आणि कुणीच काही बोलत नव्हतं. खाली दाराशी शेवट्या माशाची बोटभर पिल्लं पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होती, टप टप आवाज येत होता त्याचा. काका म्हणाले, "हें हांव रोज पळयतां." हे मी रोज बघतो.

त्या बाटलीचा फोटो मी वर एका इमारतीच्या सेक्रेटरींना दाखवला, ज्यांच्या सोकपिटचं (शोषखड्ड्याचं) पाणी व्हाळात येतं असं सगळे म्हणायचे. आधी दोनदा बोलले होते तेव्हा पुरावा काय म्हणाले होते. फोटोनेही पटलं नाही, पण पुढच्या भांगाला साडेपाचला ते स्वतः आले, बाटली स्वतः भरली, थेंब स्वतः टाकले, आणि त्यांच्याच हातात ती पांढरी झाली. महिन्याभरात टँकर बोलावून टाकी उपसली. पाईप अजून तसाच आहे, तो मिटिंगमध्ये अडकलाय, पण आता निदान त्या मिटिंगमध्ये वही जाते. एका ऑफिसात दिलेल्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुसरं काम मानशीचं. चणक मासा (जिताडा) आठवा, त्याचं सगळं सॅमनच्या उलट, तो नदीच्या मुखाशी खाऱ्यात अंडी घालतो आणि पिल्लं वर खाडीत, व्हाळात, शेतात वाढायला येतात. आधी नर असतो, मोठेपणी मादी होतो, म्हणजे लहानपणी आत यायला मिळालं नाही तर पुढे अंडी घालणारी मोठी चणकच कमी. सॅमनच्या वाटेत पाईप, चणकाच्या वाटेत बंद दार, गोष्ट एकच. पण दार उघडं ठेवा असं नुसतं म्हणून चालत नाही, पावसाळ्यात आत भात उभं असतं, खारं पाणी आलं तर शेतकऱ्याचं वर्ष जातं, त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पावणीवाल्याने पैसे भरलेत, त्याचंही ऐकायला हवं. तर कापणी झाल्यानंतर शेतकरी, पावणीवाला आणि काका असे तिघे एकदा बसले, चहा मी केला, आणि ठरलं की भात नसताना भांगाच्या चार दिवसात पहाटेच्या भरतीला काका दार थोडं उचलून धरतील आणि तेवढ्या वेळात कुणीही जाळं लावणार नाही. पहिल्या वेळी दार उचलल्यावर दोन तासांनी मोजलं, आठ थेंब, म्हणजे 4. दोन तासांपूर्वी तीन थेंब होते. पावणीवाल्याने थेंब मोठ्याने मोजले, आठवा पडल्यावर निळं गेलं तेव्हा तोच आधी हसला.

प्रत्येक वेळी 4 येत नाही. मे महिन्यात पाणी इतकं तापलेलं होतं की दार उचलूनही पाच-सहा थेंबांच्या वर गेलं नाही. काठाला सावलीच नाही, पूर्वी होती तिथली कांदळं कुणीतरी तोडलीत. पाऊस लागला की मुलं पिल्लं लावणार आहेत, जागा काका दाखवणार.

बारीकसारीक: रसायनं साधारण पन्नास टेस्टला पुरतात, रिफिल वेगळं मिळतं, घेताना एक्सपायरी बघा, माझी थायोसल्फेटची बाटली उन्हात राहिली तर आकडे वेडेवाकडे यायला लागले, आता फ्रिजच्या दारात असते. झालेलं पाणी व्हाळात ओतायचं नाही, आम्ही जुन्या कॅनमध्ये साठवून शाळेच्या लॅबला देतो. लहान मुलांच्या हातात आम्लाची बाटली देऊ नका, ते थेंब मोठ्यांनीच टाकायचे. आणि वही ठेवा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, तिथी, आदल्या दिवशी पाऊस होता का, एवढं नसेल तर थेंबांचा आकडा काही कामाचा नाही.

पाचपैकी चार स्टार. किट मंगळवार सोडून माझ्याकडेच असतं, खोर्ली, पेडे, दत्तवाडी बाजूच्या कुणाला आपल्या व्हाळावर एक पहाट करून बघायची असेल तर कॅलेंडरात अष्टमी बघून आदल्या संध्याकाळी घेऊन जा, फक्त मानशीवर जो कोण असेल त्याला आधी सांगून ठेवा.