वाळूतला जबडा आणि सॉलोमन्सचं म्युझियम

मी दातांची डॉक्टर, मूळची सांगलीची, आता मेरीलँडमध्ये. सुट्टीच्या दिवशी चेसापीक खाडीकाठी कॅल्व्हर्ट क्लिफ्सला शार्कचे दात वेचायला जाते. हे कडे 80 लाख ते 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या गाळाचे. ते ढासळतात, म्हणून त्यांच्याखाली जायला आणि खणायला बंदी आहे. मार्चमध्ये ओहोटीला पाण्याच्या कडेला वीतभर काळा, जड तुकडा मिळाला. दोन्ही बाजूंना दातांच्या खोबणी! रोज बघते तीच गोष्ट, पण दगडात.

तो सॉलोमन्स गावातल्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये घेऊन गेले. जीवाश्म विभागातल्या बाईंनी आधी विचारलं, नेमका कुठे मिळाला? मी जागेचा फोटो काढून ठेवला होता. तुम्हीही काढा. मग त्यांनी तुकडा दिव्याखाली तिरका धरला. खोबणी आहेत, म्हणजे दातांऐवजी तोंडात चाळणी असणारा देवमासा हा नव्हे. खोबणी गोल, एकेका मुळाच्या. स्क्वालोडॉन या नामशेष, दातवाल्या देवमाशाच्या दाढांना दोन मुळं असतात, म्हणून तोही बाद. आणि डावा-उजवा जबडा मधोमध एकजीव झालेला. माणसात हा सांधा हनुवटीपुरताच असतो, पहिल्या वर्षातच जुळून येतो. इथे तो तुकडाभर चाललाय, म्हणजे लांब चोचीचा डॉल्फिन.

बाहेरच्या अंगाला लांबच लांब पन्हळ होती. त्यावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "तुमच्या गंगेतल्या डॉल्फिनचं कूळ असावं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कुळातले आज फक्त गंगा-ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या खोऱ्यातले डॉल्फिन उरलेत. तेव्हा त्यांचे भाऊबंद इथल्या समुद्रात पोहत होते.

झारहॅकिस (त्याच कुळातला, इथे सापडणारा नामशेष डॉल्फिन) का, असं मी दोनदा विचारलं. त्यांनी नाव दिलं नाही. कवटी किंवा कानाचं हाड हवं, म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर लिहिलं : "प्लॅटानिस्टिडी, बहुधा." म्हणजे तेच गंगेतल्या डॉल्फिनचं कूळ. या 'बहुधा'साठी मी म्युझियमला पाचपैकी पाच देते. धूसर एक्स-रेवरून मीही निदान करत नाही.

नेणाऱ्यांनी तुकडा सावलीत सावकाश वाळवावा, वॉर्निश लावू नये. लहान मुलं असतील तर तिथली प्रयोगशाळेची काच चुकवू नका; पलीकडे हाडं मोकळी करायचं काम चालू असतं.

मी आता वाळूत सुपारीएवढं, हाताला जड लागणारं कानाचं हाड शोधतेय.